वर्ल्डकप एक, यजमान दोन, मग कायदा कोणाचा?

२०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर महिला वर्ल्डकपच्या पाच मॅचेस झाल्या, त्यातली भारत-इंग्लंड आपण चार रनांनी घालवली आणि छप्पन दुकानापासून राजवाड्यापर्यंत जो तो शेवटची ओव्हर कशी खेळायला हवी होती तेच सांगत होता. त्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही, की ही स्पर्धा कागदावर भारत आणि श्रीलंका अशा दोघांची होती. इंदूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम, नवी मुंबई ही आपली चार शहरं आणि पलीकडे एकटं कोलंबो. पाकिस्तानच्या सगळ्या मॅचेस कोलंबोत, आणि फायनल कुठे होणार तेही पाकिस्तान फायनलला पोचतं की नाही त्यावर ठरणार, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला शहर कुठलं ते नाही, देश कुठला हेही आधी माहीत नाही.

माझा भाचा लॉ करतोय, त्यानं तेव्हा विचारलं, "मामा, समजा एका माणसानं इंदूरातही तिकिटांचा ब्लॅक केला आणि कोलंबोतही केला, स्पर्धा तर एकच आहे, मग केस एक होणार का दोन?" म्हटलं, अरे दोन, आणि नशीब चांगलं असेल तर एखाद्या ठिकाणी शून्यही. त्याला वाटलं मामा टाळतायत. पण खरं उत्तर तेच आहे आणि या लेखात ते जरा सविस्तर सांगतो. मी टॅक्सची कामं करणारा माणूस, त्यामुळे टॅक्सवर थोडा जास्त रेंगाळेन, तेवढं सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. "संयुक्त यजमानपद" असा शब्द ऐकला की वाटतं दोन देशांनी बसून एक कायदा केला असेल, निदान एखादा करार तरी. तसं काही नसतं. म्हणजे क्रिकेटमध्ये तर अजिबात नसतं. आयसीसी ही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेली संस्था, ऑफिस २००५ पासून दुबईत, त्याआधी लॉर्ड्सवर होतं आणि तिथून हलण्यामागे टॅक्स हे एक मोठं कारण होतं. ही आयसीसी यजमानपदाचा करार करते बोर्डांशी. आपलं बीसीसीआय म्हणजे तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी, सरकार नव्हे. श्रीलंकेत उलटा प्रकार, तिथे १९७३ च्या क्रीडा कायद्यानं मंत्र्याच्या हातात भरपूर अधिकार आहेत, इतके की २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारी हस्तक्षेप झाला म्हणून आयसीसीनं श्रीलंकेच्या बोर्डाला निलंबितच केलं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये परत घेतलं. आता बघा, करार सह्या करून झाला बोर्डाबोर्डात, पण व्हिसा देणार गृह खातं, टॅक्स लावणार अर्थ खातं, कॅमेऱ्याचं सामान सोडणार कस्टमवाले, बंदोबस्त देणार पोलीस, आणि यातल्या एकानंही त्या करारावर सही केलेली नसते. सगळ्या भानगडी या एका फटीतून आत येतात.

फुटबॉलवाले, म्हणजे फिफा आणि युएफा, याबाबतीत जास्त धूर्त. ते यजमानपद द्यायच्या आधीच सरकारांकडून लेखी हमीपत्रं घेतात: व्हिसा देऊ, टॅक्समाफी देऊ, सामान आणू देऊ, आमच्या नावाचा, लोगोचा गैरवापर थांबवू. एका देशाकडून अशी हमी घेणं अवघड नाही. दोन देश असले की प्रत्येकाचं हमीपत्र वेगळं, त्यातली भाषा वेगळी, आणि तिकडच्या संसदेनं वेगळा कायदा केला तर हमीपत्राची किंमत किती, हा प्रश्न दोन्हीकडे वेगळा सुटतो.

पहिला मोठा प्रयोग म्हणजे २००२ चा जपान-कोरिया फुटबॉल वर्ल्डकप. दोघांचं जुनं वैर, दोघांनीही एकट्यानंच अर्ज केला होता, आणि १९९६ मध्ये फिफानं दोघांना एकत्र बांधून टाकलं. दोन सख्ख्या भावांच्या मुलांच्या मुंजी एकाच मांडवात लावल्या की पत्रिकेवर आधी कुणाचं नाव यावरून जे होतं ते अक्षरशः तिथे झालं. शेवटी तडजोड अशी निघाली की अधिकृत नावात कोरिया आधी आणि फायनल जपानला, योकोहामात. दहा स्टेडियम इकडे, दहा तिकडे. वरवर हा मानापमानाचा प्रकार वाटतो, पण अधिकृत नाव हा ट्रेडमार्कचा आणि कराराचा भाग असतो, तिकिटावर, जाहिरातीत, टीव्हीवर काय छापायचं ते त्यावरनं ठरतं, त्यामुळे वकिलांना त्यात खरंच वेळ घालवावा लागतो.

पण त्याच स्पर्धेमुळे दोन चांगल्या गोष्टी झाल्या. वर्ल्डकपच्या दिवसांपुरती जपाननं कोरियन नागरिकांना व्हिसामाफी दिली, आणि गुन्हेगार एकमेकांच्या ताब्यात देण्याचा करार दोघांनी त्याच वर्षी, २००२ मध्ये केला. त्याआधी जपाननं आपला इमिग्रेशन कायदा बदलून घेतला, की फुटबॉलच्या दंगेखोरांना विमानतळावरूनच परत पाठवता यावं. म्हणजे बॉलला पहिली किक बसायच्या आधी किती कायदे हलवावे लागले ते बघा, आणि हे दोन श्रीमंत, शिस्तीच्या देशांत.

युरोपात सीमा नाहीत म्हणून तिथे सोपं असेल असं वाटतं ना? तिथली गंमत वेगळी. युरो २०००, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, नेदरलँड्स आणि बेल्जियमनं मिळून भरवली. दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी बॉर्डरवर कुणी पासपोर्ट विचारत नाही. पण सीमा उघडी असली तर दंगेखोरालाही ती उघडीच असते, म्हणून स्पर्धेपुरती तपासणी पुन्हा लावली गेली, शेंगेनच्या नियमांतच तशी तात्पुरती सोय आहे. तरीही बेल्जियममध्ये शार्लरुआला इंग्लंड-जर्मनी मॅचच्या वेळी इंग्लिश प्रेक्षकांनी धुडगूस घातला, पोलिसांनी त्यांना ढिगानं पकडून परत पाठवलं आणि युएफानं इंग्लंडला स्पर्धेतून काढायची धमकी दिली. याचा कायदेशीर परिणाम ना बेल्जियममध्ये झाला ना हॉलंडमध्ये, तो झाला ब्रिटनमध्ये. त्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा केला, की ज्याच्यावर बंदीचा आदेश आहे त्यानं परदेशातल्या मोठ्या मॅचच्या आधी आपला पासपोर्ट जमा करायचा. दंगा एका देशात, स्पर्धा दोघांची आणि कायदा तिसऱ्यानं बदलला.

२००८ मध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. तेव्हा स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आलेलाच नव्हता, तो आला डिसेंबरात, स्पर्धा संपल्यावर. स्विस लोकांनी दंगेखोरांविरुद्ध आपल्या अंतर्गत सुरक्षा कायद्यात खास कलमं घातली, ती २००७ पासून लागू केली, आणि त्यांच्याकडे पोलिसांचा विषय राज्यांचा असल्यामुळे केंद्राला असा कायदा करायचा अधिकार आहे का यावरच वाद झाला, म्हणून काही कलमं २००९ अखेरपर्यंतच ठेवली. आपल्याकडेही "कायदा-सुव्यवस्था" राज्याकडेच आहे, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. २०१२ मध्ये पोलंड आणि युक्रेन, एक युरोपियन युनियनच्या आत, एक बाहेर, म्हणजे दोन यजमानांच्या मधली बॉर्डर हीच अख्ख्या युनियनची बाहेरची भिंत. प्रेक्षकांना वेळेत पलीकडे सोडायचं तर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एकाच ठिकाणी तपासणी करावी हे शहाणपणाचं, पण एका देशाच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या देशाच्या जमिनीवर उभं राहून शिक्का मारायचा म्हटलं की त्याला आधी कायद्याचा आधार लागतो, नुसती इच्छा असून चालत नाही.

आणि २०२६ चा फुटबॉल वर्ल्डकप तर तिघांचा. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, १०४ मॅचेस, १६ शहरं, त्यातली ११ अमेरिकेत, ३ मेक्सिकोत, २ कॅनडात. तिन्हीचा व्हिसा वेगळा. अमेरिकेनं जून २०२५ मध्ये काही देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, त्यात इराण आणि हैती दोन्ही होते, आणि दोन्ही संघ वर्ल्डकपसाठी पात्र ठरले. त्या आदेशात खेळाडू आणि कोचेसना सूट आहे, पण साध्या प्रेक्षकाला नाही. म्हणजे तुमची टीम आत आणि तुम्ही बाहेर. सहयजमान शेजाऱ्याचं याबद्दल काही वेगळं मत असलं तरी त्याला काही करता येत नाही, कारण प्रवेश कुणाला द्यायचा हा ज्याच्या त्याच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न, फिफा तिथे फक्त विनंती करू शकते.

मजा म्हणजे कधी कधी माणसांचा नाही, जनावरांचा कायदा आडवा येतो. १९५६ ची ऑलिंपिक मेलबर्नला होती, पण ऑस्ट्रेलियाचे जनावरांच्या क्वारंटाईनचे नियम इतके कडक की परदेशी घोडे आत येऊ शकेनात, म्हणून घोडेस्वारीच्या स्पर्धा तेवढ्या स्टॉकहोमला घेतल्या, पाच महिने आधी. शेजारी सोडा, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

आता गुन्ह्यांचं बघू. नियम सोपा आहे, जिथे घटना तिथला कायदा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंदूरात ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंशी छेडछाडीचा लाजिरवाणा प्रकार झाला, तेव्हा एफआयआर इंदूरातच झाली, आपल्याच न्यायसंहितेखाली, आपल्याच पोलिसांनी आरोपीला पकडलं. यात आयसीसीची भूमिका शून्य, श्रीलंकेची शून्य. इथपर्यंत सगळं सरळ.

घोळ होतो मॅच फिक्सिंगला. श्रीलंकेनं २०१९ मध्ये खेळातल्या भ्रष्टाचारासाठी स्वतंत्र कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद, दक्षिण आशियात असा कायदा करणारा तो पहिलाच देश. आपल्याकडे? आपल्याकडे मॅच फिक्सिंग हा गुन्हा म्हणून सरळ लिहिलेला स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात २०२२ च्या जानेवारीत कर्नाटक हायकोर्टानं म्हटलं, की फिक्सिंगमुळे प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटेल हे खरं, पण तो कलम ४२० चा गुन्हा होत नाही, बोर्डानं शिस्तभंगाची कारवाई करावी. म्हणजे एकाच वर्ल्डकपमध्ये, एकाच बुकीनं, एकाच प्रकारचा सौदा कोलंबोत केला तर दहा वर्षं आत जायची भीती आणि इंदूरात केला तर आधी वकील लोक कलम शोधत बसणार. आयसीसीचे भ्रष्टाचारविरोधी नियम दोन्हीकडे सारखेच लागू होतात, पण ते खेळाडूवर बंदी घालू शकतात, बुकीला जेलमध्ये घालू शकत नाहीत. माझ्या मते भारतानं कुठलीही स्पर्धा वाटून घ्यायच्या आधी ही फट बुजवायला हवी होती, व्हिसाच्या बातम्यांपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे, पण त्यावर कुणी डिबेट लावत नाही.

जाहिरातींची गोष्ट त्याहून रंजक. २००३ चा क्रिकेट वर्ल्डकप दक्षिण आफ्रिकेत, काही मॅचेस झिंबाब्वे आणि केनियात. दक्षिण आफ्रिकेनं स्पर्धेआधी खास कायदा करून ठेवला होता, की प्रायोजक नसताना स्पर्धेच्या नावावर धंदा करायचा नाही. तिथे ते इतकं कडक पाळलं गेलं की प्रायोजक कंपनीच्या स्पर्धकाचं कोल्ड्रिंक हातात घेऊन बसलेल्या एका प्रेक्षकाला सेंच्युरियनच्या स्टेडियममधून बाहेर काढल्याची बातमी जगभर झाली. त्याच सुमारास आपल्याकडे फिलिप्सची दिवाळीची जाहिरात चालू होती, 'दिवाळी मनाओ वर्ल्डकप जाओ', खरेदी करा आणि वर्ल्डकपची ट्रिप जिंका. आयसीसीची कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. हायकोर्टानं मनाई द्यायला नकार दिला, म्हटलं वर्ल्डकप हा शब्द सगळ्यांचा आहे, त्यांनी लोगो वापरला नाही, आम्ही अधिकृत प्रायोजक आहोत असंही म्हटलं नाही, मग फसवणूक कुठे झाली? एकीकडे प्रेक्षकाचा कॅन बाहेर आणि दुसरीकडे अख्खी जाहिरात मोहीम बिनधास्त. आता कल्पना करा की हे दोन देश सहयजमान आहेत आणि प्रायोजकानं कोट्यवधी रुपये "दोन्ही देशांत आमच्याशिवाय कुणी नाही" या भरवशावर दिलेत. अर्ध्या प्रदेशात तो भरवसा कोर्टात टिकत नाही, मग तो पैसे परत मागणार कुणाकडे? करारात हे आधी लिहिलेलं नसेल तर दोन्ही बोर्डं एकमेकांकडे बोट दाखवणार.

आता माझा विषय. गल्ल्याचा.

१९८७ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं मिळून वर्ल्डकप भरवला, इंग्लंडबाहेरचा पहिला. नागपूरचे एन.के.पी. साळवे त्या संयुक्त समितीचे प्रमुख होते. जुन्या इंदूरकरांना आठवत असेल, आपल्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मॅच झाली होती, पावसानं ठरलेल्या दिवशी काही होऊ दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तीस-तीस ओव्हरची मॅच ऑस्ट्रेलियानं तीन रनांनी मारली. तेव्हा फेराचा, म्हणजे परकी चलनावरच्या जुन्या कडक कायद्याचा जमाना, परकी चलन बाहेर पाठवायचं तर रिझर्व्ह बँकेच्या परवानग्या, त्यामुळे परदेशी बोर्डांना हमीचे पैसे देणं हीच एक मोठी मोहीम असायची.

मग आला १९९६ चा, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका. तिघांची मिळून एक समिती केली, पाकिस्तान-इंडिया-लंका कमिटी, तिचं छोटं नाव पिल्कॉम. ही समिती कंपनी नव्हती, ट्रस्ट नव्हता, दोन देशांतला करारही नव्हता, एक कामचलाऊ मांडणी होती. तिची खाती लंडनमध्ये उघडली, भारत आणि पाकिस्तानच्या प्रतिनिधींनी मिळून चालवायची. टीव्हीचे, प्रायोजकांचे पैसे तिथे यायचे, आणि तिथूनच परदेशी क्रिकेट बोर्डांना खेळायला आल्याबद्दल हमीची रक्कम जायची. पैसा भारतात आलाच नाही, भारतातून गेलाच नाही, घेणारे सगळे परदेशी. म्हणून पिल्कॉमला वाटलं, भारतातल्या इन्कम टॅक्सचा इथे काय संबंध?

कलकत्त्याच्या टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) अधिकाऱ्याला तसं वाटलं नाही. आपल्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ११५बीबीए होतं, परदेशी खेळाडू आणि परदेशी क्रीडा संस्थांना भारतात झालेल्या खेळातून मिळणाऱ्या पैशावर टॅक्स, आणि कलम १९४ई, की असे पैसे देणाऱ्यानं आधी टीडीएस कापायचा. तेव्हा दर १० टक्के. अधिकाऱ्यानं काय केलं, मॅचेस मोजल्या. एकूण ३७, त्यातल्या भारतात १७, पाकिस्तानात १६, श्रीलंकेत ४. मग ३७ पैकी १७ म्हणजे साधारण ४६ टक्के हिस्सा भारतात कमावलेला, त्यावर टीडीएस का नाही कापला? इतकं साधं त्रैराशिक. मला तर हे वाचून त्या अधिकाऱ्याचं कौतुक वाटलं, कारण वर्ल्डकपची कमाई कुठली म्हणायची या प्रश्नाला यापेक्षा सुटसुटीत उत्तर मलाही सुचलं नसतं.

प्रकरण ट्रायब्युनलला गेलं, कलकत्ता हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात. निकाल लागला २९ एप्रिल २०२०, लॉकडाऊनमध्ये, न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाचा. श्रीलंकेनं लाहोरला कप उचलला होता मार्च १९९६ मध्ये, म्हणजे मधे चोवीस वर्षं गेली. कोर्टानं सांगितलं, पैसे कुठल्या बँकेतून दिले, लंडनमधून का कोलकात्यातून, याला महत्त्व नाही, पैसे कशासाठी मिळाले ते बघा. मैदान भारतात, खेळ भारतात, म्हणजे उत्पन्नाचा उगम भारतात. मग पिल्कॉमचं दुसरं म्हणणं होतं, की इतर देशांशी आपले दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, त्यानुसार हा टॅक्स लागत नाही. कोर्ट म्हणालं, तो फायदा ज्याला पैसे मिळाले त्यानं नंतर आपलं रिटर्न भरून मागावा, पण देणाऱ्यानं टीडीएस कापायलाच हवा होता. आता ज्याची ऑफिसं बंद झाली, खाती बंद झाली, सभासद आपापल्या देशांत, त्या समितीकडून हा पैसा भरून घ्यायचा म्हणजे शेवटी कोण भरणार? ज्याचा पत्ता भारतात आहे तो.

यातून शिकायचं ते असं, की दोन-तीन देशांनी मिळून काही करायचं तर आधी ती "मिळून" असलेली वस्तू कायद्यानं काय आहे ते ठरवा. कंपनी असेल तर कुठल्या देशातली, तोटा झाला तर कुणाचा, टॅक्सची नोटीस आली तर कोण घेणार. युएफानं युरो २००८ साठी स्वित्झर्लंडमध्ये सरळ एक वेगळी कंपनीच काढली, युरो २००८ एसए नावाची, ती यासाठीच.

टॅक्सचं हे दुखणं आजही संपलेलं नाही. २०१६ चा टी-२० वर्ल्डकप भारतात झाला, सरकारनं टॅक्समाफी दिली नाही, तर आयसीसीनं ती रक्कम बीसीसीआयच्या वाट्यातून कापून घ्यायला सुरुवात केली. भारतात एकट्यानं भरवली तर निदान हिशेब भारत सरकार आणि आयसीसीत राहतो. दोन देश असले आणि एकानं माफी दिली, दुसऱ्यानं नाही, तर माफी देणाऱ्या देशाच्या बोर्डानं दुसऱ्याच्या टॅक्सचा भार का उचलायचा? हे करारात स्पष्ट लिहायला लागतं, आणि माझा अनुभव असा की स्पष्ट लिहायचं म्हटलं की नेमकी तिथेच सगळ्यांना घाई असते.

आता संघांनी यायलाच नकार दिला तर? १९९६ मध्येच कोलंबोत सेंट्रल बँकेवर बॉम्बहल्ला झाला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजनं तिथे जायला नकार दिला, मॅच सोडल्या, श्रीलंकेला गुण मिळाले. २००३ मध्ये इंग्लंडनं हरारेला आणि न्यूझीलंडनं नैरोबीला जायला नकार दिला, गुणही गेले आणि आयसीसीनं पैसेही अडवले. यातला कायद्याचा मुद्दा असा, की शहर सुरक्षित आहे का नाही हे ठरवणार कोण? यजमान म्हणतो सुरक्षित, पाहुणा म्हणतो नाही, आणि करारात "सुरक्षेच्या कारणानं" एवढंच लिहिलं असेल तर दोघंही बरोबर. शिवाय "आमच्या सरकारनं परवानगी दिली नाही" हे कारण चालतं का? पाकिस्तान बोर्डानं भारताकडून सुमारे ७ कोटी डॉलरची भरपाई मागितली होती, दौरे ठरवून केले नाहीत म्हणून. ती केस आयसीसीच्या तंटा समितीपुढे दुबईत चालली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये फेटाळली गेली, उलट बीसीसीआयच्या खर्चातला बराचसा भाग पाकिस्तानलाच द्यावा लागला.

त्या अनुभवावर आजचा हायब्रिड मॉडेलचा तोडगा उभा आहे. चॅम्पियन्स ट्रॉफी २०२५ पाकिस्तानची, पण भारताच्या मॅचेस दुबईत, फायनलसकट. मग महिला वर्ल्डकप भारताचा, पण पाकिस्तान कोलंबोत. म्हणजे आता सहयजमानपद दोस्तीतून येत नाही, भांडणाच्या सोयीसाठी तिसरा शेजारी शोधावा लागतो म्हणून येतं. आणि २०२६ च्या टी-२० वर्ल्डकपला, जो भारत आणि श्रीलंकेचाच होता, बांगलादेशनं म्हटलं आम्ही भारतात येत नाही, आमच्या मॅचेस श्रीलंकेत हलवा. सहयजमान आहेच ना, मग काय हरकत, असा त्यांचा सूर. आयसीसीनं ऐकलं नाही, त्यांच्या जागी स्कॉटलंडला घेतलं. मला वाटतं आयसीसीनं बरोबरच केलं, कारण एकदा दुसरा यजमान म्हणजे पर्यायी मैदान असं ठरलं की वेळापत्रक, तिकिटं, हॉटेलं, टीव्ही, कुठल्याच करारात शहराच्या नावाला अर्थ राहणार नाही. अर्थात पाकिस्तानला जे मिळालं ते बांगलादेशला का नाही, असं कुणी विचारलं तर त्याचं सरळ उत्तर एवढंच, की एकाचं आधी लिहून घेतलं होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं.

दोन देशांचं सोडा हो, एका देशातही हे जमवणं सोपं नाही. त्या महिला वर्ल्डकपच्या मॅचेस आधी बंगळुरूला होत्या, जूनमध्ये चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली, त्यानंतर तिथल्या पोलिसांची परवानगी मिळेना, आणि सगळं नवी मुंबईला हललं. आयसीसीचा करार असो नाहीतर कुणाचा, शेवटी स्टेडियमचं गेट उघडायची परवानगी तिथल्या पोलिसांची. आणि आपण इंदूरवाल्यांनी तर फार बोलूच नये, २०१८ मध्ये फुकट पासांच्या वाटणीवरून बोर्ड आणि इथली संघटना यांचं जमलं नाही आणि भारत-वेस्ट इंडीजची मॅच विशाखापट्टणमला गेली.

तिकिटांबद्दल थोडं, कारण विचारणारे जास्त असतात. भाच्याच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर पण इथेच. तिकिटाच्या काळ्याबाजाराचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे. २०२८ ची युरो ब्रिटन आणि आयर्लंड मिळून भरवणार आहेत, आयर्लंडमध्ये २०२१ पासून छापील किमतीपेक्षा जास्त भावानं मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट विकणं गुन्हा आहे, म्हणजे डब्लिनचं तिकीट आणि कार्डिफचं तिकीट हातात एकाच ॲपवर असलं तरी विकताना दोन्हीला एकच कायदा नाही. तुम्ही मात्र भारतात राहून भारतीय कंपनीकडून परदेशातल्या मॅचचं तिकीट घेतलं आणि ती मॅच हलली, रिफंड मिळेना, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही. तिकीट परदेशी कंपनीनं थेट विकलेलं असलं तर तक्रार दाखल होईल, पण आदेश बजावायला तिथपर्यंत कोण जाणार, त्यामुळे पैसे भरण्याआधी विक्रेता कुठला ते बघा, आणि "स्थळ बदलू शकतं" असं बारीक अक्षरात लिहिलं असेल तर फायनलचं विमानाचं तिकीट रिफंडवालंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी.

पुढचा मोठा प्रसंग म्हणजे २०३१ चा वनडे वर्ल्डकप, भारत आणि बांगलादेशला मिळून दिलेला. कोलकाता आणि ढाका जवळ आहेत, बस जाते, ट्रेन जात होती, पण त्यासाठी व्हिसा कुणाला किती दिवसांचा, दोन्हीकडचा एकच चालेल का, फिक्सिंगचा कायदा भारतात तोपर्यंत होतो का, आणि टॅक्समाफी एकानं दिली आणि दुसऱ्यानं नाही तर फरक कोण भरणार, हे सगळं आज कोऱ्या कागदावर आहे. भाचा तोपर्यंत वकील झालेला असेल, त्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय की वेळापत्रक आलं की आधी भारतात किती मॅचेस आहेत ते मोज. तो म्हणाला, "मामा, लोक भारत-पाकिस्तान कधी आहे ते बघतील." बघू दे, टीडीएसवाला तर आधी मॅचेसच मोजणार आहे.